तीन बोटं ढील

झिबल मारबते दोन डोंगे एकाला एक बांधतो तेव्हा
गाठ मारून झाल्यावर
बल्ली आणि अंबाडीच्या दोरीमध्ये बोटं घालून बघतो.
तीन बसली तर निघायचं.
दोनच बसली तर सोडून पुन्हा बांधायचं.
"बाई, याची लाट येगरी, त्याची येगरी.
गच्च बांधसान त एकमेकाले फाडतीन."

मी लशीचा डबा मांडीवर घेऊन ऐकते. सात वर्षं ऐकते आहे.

आज शेळी घेऊन फुलवंता, तिची नात,
नातीच्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन,
आणि कुणाचा तरी नवा जावई, नव्या मोटरसायकलसकट.
नारिंगी जॅकेटं आलीत तालुक्याहून, सहा.
कपाटात आहेत. किल्ली ग्रामसेवकाकडे.
ग्रामसेवक पवनीला.

निघालो तेव्हा धरणाचं पाणी परातीतलं होतं.
अर्ध्यावर आभाळ जवसाच्या तेलाचं झालं.
झिबल वल्हं थांबवून वास घेत राहिला.
"वावधन," म्हणाला,
पाहुणे आले म्हणावं तसं.

मग भराभर, पण आवाज न चढवता :
गाडी आडवी टाका.
"ओरखडे पडतील," जावई.
"उभी वस्तू दुप्पट जड असते जी. उभा मानूस तिप्पट."
गाडी आडवी झाली. शेळी तिची तीच बसली.
सगळे मधे. कडेला कोणी नोका.
"आन पलटलाच, त काठाकडं पोहत नोका निंगू.
काठ जवर दिसते, रायत नाही.
डोंग्याले चिकटून राहा. लाकूड बुडत नाही."

मागे एकदा, उन्हात जाळं विणताना, तो म्हणाला होता
की एकटा डोंगा बरा.
डुलतो, कण्हतो, आता मी जातो असं सांगतो तरी.
जोडडोंगा शेवटपर्यंत खाटेसारखा सपाट,
आणि पलटतो तेव्हा सांगत नाही.
मी हसले होते.
आमच्या घरात कधी भांडण झालं नव्हतं, लोक कौतुक करायचे.
एका बुधवारी पेटी उचलून
मी ही बदली मागून घेतली.

फळीखालून पाणी थापा मारू लागलं.
कोणी खालच्या घरातून दार वाजवावं तसं,
आणि प्रत्येक थापेला नातीचा कॅन, ढम्.
लाट तो अंगावर घेत नव्हता, नाकावर घेत होता,
तीही जराशी तिरपी.
मग वल्ह्याचं ऐकेनासं झालं.
त्यानं जाळं उचललं, होळीपासून विणलेलं,
शिशाच्या गोळ्यांसकट पुढून सोडलं,
दोरीचं एक टोक या नाकाला, एक त्या.
जाळं पाण्यात फुगलं, डोंगे वळले,
वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले
चारा बघून थबकलेल्या बैलांसारखे.
मागे सरकत होतो, पण सरळ.

आणि झटका. बल्ल्या करकरल्या. थांबलोच.
झिबलनं ताणलेल्या दोरीवर तळवा ठेवला,
मी नाडी बघते तसा.
"मोह हाये. बोडीजवरचा."
"बोडीजवरचा तिकडं रायला," फुलवंता म्हणाली,
"हा आमच्या आंगनातला."
"तुमचं आंगन मारुतीच्या मांगं होतं."
"मारुती कोनाच्या मांगं होता मंग?"
तोंडावर पाणी येत होतं, जावई डोळे मिटून होता,
आणि ते दोघं
बुडालेल्या गावाची एकेक गल्ली
भांडून भांडून वर काढत होते.

पाऊण तास.

जाळं निघालं नाही. विळ्यानं दोरी कापली.
त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.
काठावर जावई किक मारत बसला.
मी डबा उघडला : बर्फ होता,
कुपीवरचा चौकोन अजून पांढरा.

उतरताना गाठीखाली बोटं घालून पाहिली.
एकच बसलं.
"आवळली ही. सोडू का जरा?"

"ओली झाली का धरते, सुकली का सोडते.
आत्ता तिले हात नोका लावू, बाई."